गावचे संग्रहालय आणि शाळेची नोंदवही
(केंद्रातील शिक्षण परिषदेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इतिहासाचा पंडित नाही. आपल्याप्रमाणेच खेड्यापाड्यांच्या शाळांत ज्याचे आयुष्य गेले असा मी एक शिक्षक आहे. म्हणून विद्वत्तेच्या गोष्टी सांगण्यापेक्षा माझ्या हातून घडलेल्या एका चुकीपासूनच मी आरंभ करतो.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी एका नदीकाठच्या गावी होतो. पहिला पाऊस पडून गेल्यावर चौथीतील एक मुलगा मुठीत काहीतरी घट्ट धरून शाळेत आला. त्याने मूठ उघडली, तेव्हा तळहातावर लालसर अकीकाचा एक मणी होता. हरभऱ्याएवढा, गुळगुळीत, मधोमध आरपार बारीक भोक असलेला. मला फार आनंद झाला. मी मुलाची पाठ थोपटली आणि मणी खडूच्या रिकाम्या पेटीत ठेवला. मुलांना हुरूप आला. कोणी नाणे आणले, कोणी खापराचा नक्षीदार तुकडा, कोणी शंखाच्या बांगडीचा तुकडा. चार वर्षांत ती पेटी भरली. मी ती पाहुण्यांना अभिमानाने दाखवीत असे.

पुढे माझी बदली झाली. पेटी मी बरोबर नेली. तीही चूकच होती, परंतु ते त्या वेळी मला कळले नाही. काही वर्षांनी पुरातत्त्वाचा अभ्यास करणारे एक गृहस्थ मला भेटले. मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी तो लाल मणी उचलून उजेडात धरला आणि एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, हा कोठे सापडला?" मला उत्तर देता येईना. मुलाचे नावही आठवेना. त्याच्या वडिलांच्या शेतात की नदीच्या दरडीत, एकटाच की आणखी मण्यांबरोबर, काहीच सांगता येईना. त्यांनी मणी हळूच पेटीत ठेवला आणि ते म्हणाले, "मणी चांगला आहे. पण आता तो कोठलाही आहे."

हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. ते गाव किती जुने आहे, ह्याची साक्ष देण्यासाठी तो मणी जमिनीतून वर आला होता. मी त्याला पेटीत ठेवले आणि मुका केले.

आता ज्या गावाला अशी साक्ष देणारा माणूस लाभला, त्या गावाची हकिकत ऐका. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकरी त्याला ओळखतात. परंतु ह्या गावाची कीर्ती गोरोबाकाकांच्याही आधी हजार-बाराशे वर्षे समुद्रापार गेली होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या प्रवासवर्णनात तगर ह्या मोठ्या नगराचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो लेखक सांगतो. तगराहून साधे कापड आणि नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जात असे. पुढील काळातील शिलाहार राजेही स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत.

परंतु हे तगर म्हणजे आजचे कोणते गाव, हे दीर्घकाळ कोणासही नक्की सांगता येत नव्हते. कोणी देवगिरीकडे बोट दाखवी, कोणी जुन्नरकडे. सन १९०१ मध्ये फ्लीट ह्या विद्वानाने तगर म्हणजेच तेर होय असे प्रतिपादन केले. त्यानंतर लवकरच पुरातत्त्व खात्याचे कझिन्स ह्यांनी तेरची पाहणी केली आणि गावातील त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर हे मुळात बौद्धांचे चैत्यगृह असल्याचे दाखवून दिले. डोंगरात कोरलेली चैत्यगृहे आपण पुष्कळ पाहतो. परंतु मोकळ्या जागेवर विटांनी बांधलेले आणि आजवर उभे राहिलेले चैत्यगृह फार दुर्मिळ आहे. ज्या देवळात गावकरी रोज हात जोडत होते, त्याच्या भिंती दीड हजार वर्षांहून जुन्या आहेत, हे प्रथम सांगितले ते बाहेरून आलेल्या माणसांनी!

विद्वान आले, पाहून गेले, लिहून गेले. परंतु गावात राहणारे कोण होते? पावसाळ्यात तेरच्या पांढरीच्या टेकाडांवरून पाणी वाहून जाई आणि मणी, नाणी, खापरे, मातीच्या मूर्ती उघड्या पडत. पांढरीची माती म्हणजे काय, हे आपल्यासारख्या खेड्यातील माणसास सांगावयास नको. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षांच्या घरांच्या भिंती ढासळून, चुलींची राख साचून, तिचे टेकाड बनते. ही माती शेतास खत म्हणून चांगली आणि घराच्या धाब्यावर पसरण्यासही चांगली. म्हणून लोक ती गाडीगाडीने खणून नेतात, आणि मातीबरोबर दोन हजार वर्षांचा इतिहास शेतात पसरला जातो. ह्यात कोणाचा दुष्टावा नसतो. सांगणारे कोणी नसते, एवढेच.

तेर येथे हे पाहून ज्यांच्या जिवाला चटका लागला, ते रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच रहिवासी. ते पुरातत्त्व खात्याचे नोकर नव्हते. हे काम त्यांच्यावर कोणी सोपविले नव्हते, आणि त्यासाठी त्यांना कोणी वेतनही देत नव्हते. गावात आणि गावाभोवती मिळणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमविल्या आणि जपल्या. भाजलेल्या मातीच्या आणि पांढऱ्या केओलिन मातीच्या मूर्ती, मौल्यवान खड्यांचे मणी, शंखाच्या बांगड्या, सातवाहनांची नाणी, दिवे, खेळणी असा तो संग्रह हजारोंच्या घरात गेला. पुढे तो शासनाकडे आला. आज तेर येथे त्यांच्याच नावाने शासकीय संग्रहालय उभे आहे. गोदावरीकाठी पैठण येथेही बाळासाहेब पाटील ह्यांच्या संग्रहातून असेच संग्रहालय झाले आहे. ही दोन्ही संग्रहालये शासनाची आहेत. परंतु त्यांचा पाया शासनाने घातलेला नाही. तो एकेका नागरिकाने घातला.

लामतुरे ह्यांच्या संग्रहातील एका वस्तूचे महत्त्व सांगतो. ती एका स्त्रीची हस्तिदंती मूर्ती आहे, वीतभरही उंच नाही. आता इटली देशातील पाँपेई नगराची आठवण करा. सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली ते नगर गाडले गेले. तेथे उत्खनन चालू असता १९३८ साली एका घरात भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तेरची मूर्ती त्या मूर्तीशी जवळचे साम्य दाखविते. दोन्ही एकाच कारागिराच्या हातच्या आहेत असे कोणी म्हणत नाही. परंतु घडणीची परंपरा एक आहे, आणि दक्खनच्या पठाराचा रोमच्या जगाशी व्यापार होता ह्या गोष्टीला त्यामुळे हाताने स्पर्श करता येतो. ती मूर्ती जपली गेली नसती तर? तेरच्या मुलांना 'आपल्या गावाचा रोमशी संबंध होता' हे पुस्तकातील एक वाक्य म्हणून पाठ करावे लागले असते. आज ते आपल्याच गावात जाऊन ते डोळ्यांनी पाहू शकतात.

त्या संग्रहामुळे आणि त्या भूमीमुळे अभ्यासकांचे पाय तेरकडे वळले. १९५८ साली चापेकर ह्यांनी तेथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटिश म्युझियममधील विद्वान डग्लस बॅरेट ह्यांनी तेरवर लिहिलेले छोटे पुस्तक १९६० साली मुंबईत निघाले. उत्खनन आणि संग्रह ह्यांतील भेद येथे लक्षात घेतला पाहिजे. उत्खननात जमीन थराथराने उकलतात. खालचा थर जुना, वरचा नवा. आणि कोणती वस्तू कोणत्या थरात होती हे लिहून ठेवतात. म्हणून तिचा काळ सांगता येतो. पावसाने किंवा नांगराने वर आलेल्या वस्तूच्या बाबतीत हा थर हरवलेला असतो. मग तिचा काळ तिच्या घडणीवरून, दुसऱ्या वस्तूंशी ताडून ठरवावा लागतो. हा वेचणाऱ्याचा दोष नव्हे. त्याने वेचली नसती तर ती वस्तू उरलीच नसती. परंतु थर हरवला, तरी ठिकाण हरवण्याचे कारण नाही. तेवढे मात्र वेचणाऱ्याच्या हाती असते. माझ्या मण्याचे जे झाले, ते येथेच झाले.

जमविणे ही पहिली पायरी. जमविलेले टिकविणे ही दुसरी, आणि ती अधिक कठीण आहे. ह्यासाठी धुळ्याचे उदाहरण घ्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडत, लोकांच्या घरांतील जुनी दप्तरे सोडवून कागद पाहत. वाई येथे मिळालेल्या पत्रांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड १८९८ साली बाहेर पडला, आणि पानिपतच्या लढाईपूर्वीच्या वर्षांची मराठ्यांची बाजू मराठ्यांच्याच पत्रांतून वाचावयास मिळाली. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांतही राजवाडे होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. मागे राहिले कागदांचे गठ्ठे आणि टिपणे. अशा वेळी काय होते, हे आपण पाहतो. माणूस गेला की वर्षभर लोक गठ्ठ्यांकडे आदराने पाहतात; पुढे जागा अडते म्हणून ते माळ्यावर जातात; आणि मग वाळवी व रद्दीवाला त्यांची वाटणी करतात. धुळ्यास तसे झाले नाही. भा. वा. भट प्रभृती कार्यकर्त्यांनी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले, आणि कागदपत्रे, हस्तलिखिते व जुन्या मूर्ती ह्यांचा संग्रह जिल्ह्याच्या गावी संस्थेच्या रूपाने उभा राहिला. एका माणसाचा ध्यास अनेकांचे कर्तव्य झाला. संग्रह माणसाच्या पश्चात जगतो, तो असा.

आता आपल्याकडे वळू. आपली बदली होते. आज ह्या गावी, उद्या त्या गावी. म्हणून शाळेचा संग्रह हा गुरुजींचा संग्रह असता कामा नये. तो शाळेचा आणि गावाचा असला पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तसा ठराव लिहून घ्यावा. संग्रहाची स्वतंत्र नोंदवही करावी, आणि त्या नोंदवहीचा व कपाटाचा उल्लेख जडवस्तुसंग्रहाच्या नोंदवहीत करावा, म्हणजे कार्यभार देता-घेताना तो आपोआप पुढच्या शिक्षकाकडे जाईल. मी पेटी बरोबर नेली, ती चूक ह्या एका ओळीने टळली असती.

त्या नोंदवहीत काय लिहावे? पुढील गोष्टी पुरेत: अनुक्रमांक, वस्तू आल्याचा दिनांक, गावातील बोलीत तिचे नाव, ती देणाऱ्याचे नाव, ती सापडल्याचे अथवा वापरात असल्याचे नेमके ठिकाण, लांबी-रुंदी आणि वजन, देणाऱ्याने तिच्याविषयी सांगितलेली माहिती. ठिकाण लिहिताना 'शेतात' एवढे लिहून भागत नाही. गट क्रमांक लिहावा. विहिरीपासून किंवा मोठ्या झाडापासून कोणत्या दिशेस किती पावले, तेही लिहावे. वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधावी आणि तिच्यावर तोच अनुक्रमांक घालावा. हातात मोबाईल असतोच. एक छायाचित्रही घ्यावे. परंतु छायाचित्राने वहीची जागा घेऊ नये, कारण मोबाईल बदलतात आणि वही राहते. आणखी एक सूचना: जुने नाणे चिंच, लिंबू किंवा राख लावून घासू नये. चकाकी येते, पण अक्षरे जातात.

येथे कायद्याचाही विचार केला पाहिजे. कारण उत्साहाच्या भरात आपल्या हातून अपराध घडू नये. जमिनीत पुरलेले धन किंवा मौल्यवान वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविले पाहिजे, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. त्या लेखात काय लिहावे? वस्तूचे स्वरूप व अंदाजे किंमत, सापडल्याचे ठिकाण, आणि सापडल्याचा दिनांक. पाहा, काय, कोठे आणि केव्हा, हेच तीन प्रश्न कायदाही विचारतो आणि इतिहासही! शंभर वर्षांहून जुन्या पुराणवस्तूंसंबंधी १९७२ चा कायदा आहे. तो १९७६ पासून अमलात आला, आणि त्याअन्वये ठराविक प्रकारच्या वस्तूंची नोंदणी करावी लागते. म्हणून मूर्ती, नाण्यांचा गाडगा, ताम्रपट असे काही निघाले, तर ते कपाटात ठेवून बसू नये. तलाठ्यांमार्फत तहसील कार्यालयास आणि पुरातत्त्व खात्यास कळवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मुलांना कुदळ घेऊन पांढरीवर नेऊ नये. खणणे हे आपले काम नव्हे. वेशीवरचे वीरगळ, सतीशिळा, देवळासमोरचे कोरीव दगड शाळेत आणू नयेत. ते जेथे आहेत तेथेच शोभतात आणि तेथेच बोलतात. आपण मुलांना तेथे न्यावे, मोजमाप घ्यावे, चित्र काढावे आणि वहीत लिहावे.

मग शाळेच्या कपाटात ठेवावे काय, असे आपण विचाराल. ज्या वस्तू आपल्या डोळ्यांदेखत नाहीशा होत आहेत, त्या ठेवाव्यात. चिपटे, मापटे, शेर आणि पायली ही मापे आता किती घरांत उरली आहेत? दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे मुलांनी खऱ्या मापांनी ज्वारी मोजून पाहिले, तर गणिताचाही तास होतो आणि इतिहासाचाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्यापूर्वीचा आणा आणि पै हातात घेतल्यावरच आजीच्या तोंडचे 'सोळा आणे खरे' मुलांना समजेल. मोटेचा सोंदूर, पाभरीचे चाडे, जात्याचा खुंटा, दौत आणि बोरू, मोडी लिपीतील एखादा कागद, शाळेचे पहिले हजेरीपत्रक अशा वस्तू घरोघर अडगळीत पडल्या आहेत. मालकास वस्तू द्यावयाची नसेल तर आग्रह धरू नये. वस्तू त्याच्या घरी राहू द्यावी. नोंद मात्र आपल्या वहीत असावी. दिली, तर पोच द्यावी आणि परत मागितल्यास विनातक्रार परत करावी. गावाचा विश्वास गेला, की कपाट रिकामे झाले असे समजावे.

ह्यास किती खर्च येतो? एक वही, एक सुताची गुंडी, आणि जुने कपाट. ह्यास किती वेळ लागतो? आठवड्यातील एक तास. वर्गातील दोन मुलांना दर महिन्यास 'नोंदणीकार' नेमावे. त्यांनी आजोबांना, आजींना, सुताराला, कुंभाराला प्रश्न विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहावीत. जे मूल शाळेत फारसे बोलत नाही, त्याच्याच घरी कित्येकदा गावातील सर्वांत जुने तिफण असते, आणि त्या दिवशी तेच मूल वर्गाचे गुरुजी होते. हा अनुभव मी पुढे अनेकदा घेतला आहे. पहिली चूक दुरुस्त करण्याची संधी मला पुढच्या शाळांनी दिली, एवढे माझे भाग्य.

परंतु तो लाल मणी अजून माझ्याकडे आहे. तो मी कोणत्याही संग्रहालयास देऊ शकलो नाही, कारण तो कोठला हे मला सांगता येत नाही. त्या गावी मी पुन्हा गेलो होतो. नदीकाठची पांढरी यंत्राने सपाट झालेली होती आणि तिच्यावर ऊस उभा होता. त्या मुलाचा शोध लागला नाही.

बंधुभगिनींनो, येत्या सोमवारी आपल्या वर्गात एखादे मूल मूठ घट्ट मिटून येईल. ती मूठ उघडण्यापूर्वी आपण वही उघडावी, आणि त्याला प्रथम विचारावे, "बाळ, हे कोठे सापडले?" तेरची, धुळ्याची, पैठणची कामे मोठी आहेत. आपले काम लहान आहे; परंतु ते करणारे दुसरे कोणी नाही. एवढे बोलून मी माझे भाषण संपवितो.